गाडीच्या नाकातली वायर

लेक कॅनडाला गेली आणि दोन महिन्यांनी आमच्या दारात कॅनडाहून गाडी आली. हे ठरवून झालं नव्हतं. जुनी गाडी उन्हाळ्यात रस्त्यातच दम टाकायला लागली होती, म्हणून मी मस्कतजवळच्या सीबच्या पुढे जुन्या गाड्यांच्या यार्डांमधून फिरत होतो. अमेरिका-कॅनडात वापरलेल्या गाड्या जहाजाने तिथे येतात. त्यातली एक उंच, राखाडी, फोर-व्हील गाडी मला परवडली आणि मी ती उचलली. काचेच्या कोपऱ्यात कुठल्याशा कॅनडियन गॅरेजचा स्टिकर होता. तो बघून बायको म्हणाली, "आपली पोरगी दिली आणि बदल्यात हा डबा आणला." ती हसून म्हणाली, पण त्या दिवसांत तिचं हसणं फार वेळ टिकत नसे.

गाडीबरोबर दोन वस्तू फुकट आल्या. डिकीत एक लांब दांड्याचा ब्रश होता, त्याच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचं चपटं पातं. मस्कतला वारा सुटला की काचेवर धुळीचा थर बसतो, तो झाडायला हा ब्रश उत्तम. बायकोने पहिल्याच दिवशी तो ताब्यात घेतला. पात्याचा उपयोग कळेना, म्हणून ती त्याने बाल्कनीच्या फरशीवरची कबुतरांची घाण खरवडायची.

दुसरी वस्तू म्हणजे गाडीच्या नाकातून, पुढच्या जाळीतून, बाहेर लोंबणारी काळी वायर. हातभर लांब आणि टोकाला तीन पिनांचा प्लग. आपल्याकडच्यासारखा नव्हे; दोन चपट्या पट्ट्या आणि एक गोल दांडी. गाडीला शेपूट असेल तर ते मागे असावं, हे पुढे होतं. ऑफिसातल्या लोकांनी माझी भरपूर चेष्टा केली. एकाने विचारलं, "साब, रात को चार्जिंग पे लगाते हो क्या?" एकाने ठामपणे सांगितलं की ती मागे जोडायच्या ट्रॉलीच्या दिव्यांची आहे. ती मागे जोडायची तर पुढे कशी, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि पुढचे काही महिने मीसुद्धा विचारणाऱ्याला तेच छातीठोकपणे सांगत होतो. माझा धंदा एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढायचा. लोकांना गार कसं करावं एवढंच मला कळतं.

बायकोला मात्र त्या वायरीचा उपयोग पहिल्या शनिवारीच सापडला. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधायची होती. जुन्या गाडीला ती बंपरखाली कुठेतरी तारेने अडकवायची, त्यासाठी मला जमिनीवर लोळावं लागे. इथे तर देवानेच हुक पाठवला होता. तिने दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि मिरच्या प्लगच्या दोन पट्ट्यांमध्ये घट्ट बांधल्या, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "बघा, कॅनडावाल्यांनासुद्धा दृष्टीची काळजी असते."

तेव्हापासून दर शनिवारी जुनं लिंबू उतरायचं आणि नवं चढायचं. आम्ही राहतो त्या अल खौदच्या उन्हात लिंबू सडत नसे, आठवड्यात सुकून काळं, टणक, हलकं व्हायचं. शेजारचा ओमानी म्हातारा आपल्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला खाली यायचा. एकदा त्याने ते उतरवलेलं लिंबू बायकोच्या हातातून घेतलं, कानाशी हलवून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "लूमी! मच्छी में डालो, झेन!" ओमानी लोक सुकं लिंबू कालवणात घालतात, त्याला लूमी म्हणतात; झेन म्हणजे छान. दृष्ट उतरवलेलं लिंबू मच्छीत घालायचं या कल्पनेने बायको हादरली. पण पुढे ती प्रत्येक शनिवारी ते हलवून बघायला लागली.

लेक आमची एकुलती. इथल्याच भारतीय शाळेत शिकलेली. माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि आईशी अडखळत मराठीत, कारण आई इंग्रजीला उत्तरच देत नसे. शिकायला चार वर्षांसाठी गेली, आणि जाताना विमानतळावर आईने तिच्याकडून कबूल करून घेतलं की शिक्षण संपलं की परत यायचं. तिची खोली आम्ही तशीच ठेवली. बायको दर महिन्याला पलंगावरची चादर बदलायची, जणू कोणीतरी त्यावर झोपत होतं. मी एकदा म्हटलं की निदान माझा ड्रॉइंग बोर्ड तिथे ठेवू. तिने माझ्याकडे असं बघितलं की तो बोर्ड अजून हॉलमध्ये सोफ्यामागे उभा आहे.

वायरीचा उलगडा झाला तो एका दसऱ्याला. आम्ही गाडी धुतली, पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि बायकोने तिचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिकडून थोड्या वेळाने फोन आला. लेकीला हसू आवरत नव्हतं. आईला वाटलं, काहीतरी चुकलं.

"आई, तू लिंबू कशाला बांधलंयस, माहितीय? ओ गॉड! पप्पांना दे, पप्पांना दे."

मी फोन घेतला. तिने मला समजावलं. तो प्लग इंजिनच्या पोटात बसवलेल्या हीटरचा होता. ब्लॉक हीटर म्हणतात त्याला. तिच्या गावात थंडीत तेल घट्ट होतं, इंजिनातलं पाणी गोठायला बघतं, सकाळी गाडी उठतच नाही. म्हणून संध्याकाळी घरी आलं की गाडीच्या नाकातली वायर काढायची, भिंतीतल्या प्लगला लावायची आणि सकाळी काढून ऑफिसला जायचं. तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिने घेतलेल्या जुन्या गाडीसमोर, प्रत्येकच गाडीसमोर, एक खांब आणि खांबावर सॉकेट होतं. "जसं गुरं बांधतात ना, तसं," ती म्हणाली. गुरं तिने गुहागरला आमच्या गावी दोन-तीन सुट्ट्यांत बघितली होती, तेवढीच. पण तिला ते आठवलं याचा मला फार आनंद झाला.

फोन ठेवल्यावर मी खाली गेलो आणि गाडीसमोर उभा राहिलो. इतके दिवस तो प्लग म्हणजे एक गंमत होती. आता कळलं की ही गाडी अशाच कुठल्यातरी खांबाला बांधलेली असायची. माझ्या लेकीने जे बघितलं होतं आणि मी कधी बघणार नव्हतो, ते या डब्याने बघितलेलं होतं. मला तिचा हेवा वाटला, गाडीचा. मी ब्रशचं पातंसुद्धा हातात घेऊन बघितलं. काचेवरचा बर्फ खरवडायचं ते, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती.

बायकोवर मात्र या माहितीचा उलटा परिणाम झाला. जिथे गाडीलासुद्धा रात्री शेक द्यावा लागतो तिथे माणसाने राहायचं कशाला, हा तिचा प्रश्न होता. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायाशी असलेली चादर अंगावर ओढायची, एवढीच. तिला ती थंडी म्हणजे लेकीला धरून बसलेलं काहीतरी वाटायची.

शिक्षण संपलं. लेकीला तिथेच चांगली नोकरी लागली. परत यायचं तर इथे नोकरी नव्हती. त्या वर्षांत आमच्याच कंपनीतून लोक कमी होत होते, नव्या मुलांना व्हिसा कुठून मिळणार? तिकडे कायमचं राहण्यासाठी अर्ज करायची वेळ आली. मी म्हटलं, भर. ती म्हणाली, "आई हो म्हणाली की भरते. मी प्रॉमिस केलेलं ना तिला." मी आईला विचारलं. आईने तांदूळ निवडायला घेतले. लेकीने फोनवर स्वतः विचारलं, तर आईने विचारलं, "जेवलीस का?" असं महिनोन्‌महिने चाललं. आमच्या घरात कोणी भांडत नव्हतं, आवाज चढवत नव्हतं, आणि एक शब्द कोणाच्या तोंडून निघत नव्हता. तो शब्द निघाला असता तर लेक मोकळी झाली असती. निघाला नाही तर तिने सगळं सोडून परत यायचं ठरवलं होतं, हेही मला माहीत होतं. ती आईसारखीच हट्टी आहे.

शेवटी तिने सुट्टी काढली. डिसेंबरच्या शेवटी जेमतेम आठवडाभर येणार होती, आईशी समोरासमोर बोलायला. आणि तिनेच ठरवलं की आपण जबल शम्सला जायचं. तो ओमानचा सगळ्यात उंच डोंगर, मस्कतपासून काही तासांवर, आणि थंडीत तिथे पारा कधीकधी शून्याखाली जातो. "पप्पा, मी तुम्हाला हीटर लावून दाखवते. एकदा तरी गाडीला तिचं काम करू दे."

मी वेड्यासारखा तयारीला लागलो. खालच्या मजल्यावर वसईचे एक गृहस्थ राहायचे, हॉटेलात मेंटेनन्सला. त्यांना मी वायर दाखवली. त्यांनी कपाळावर हात मारला. "डायरेक्ट लावशील तर खलास! ही एकशेदहावाली हाय, हितं दोनशे चाळीस." मग आत जाऊन त्यांनी एक लोखंडी ठोकळा काढून आणला. ते आधी सौदीत होते, तिथे त्यांच्या बायकोने एकशेदहाचा मिक्सर घेतला होता, आणि त्या मिक्सरसाठी हा ट्रान्सफॉर्मर त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरत होता. नारळाचं वाटण थांबवून त्यांनी तो मला दिला. मी हीटर आणि वायर गॅरेजात तपासून घेतली. डोंगरावरच्या एका कॅम्पमध्ये खोली सांगितली. बायकोने लाडू केले, थालीपिठाची भाजणी केली, आणि लेकीच्या खोलीतली चादर पुन्हा एकदा बदलली. दोघींनी काय बोलायचं होतं ते दोघींनाही माहीत होतं. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

निघायच्या दिवशी तिच्या गावात बर्फाचं वादळ झालं. विमान उडालं नाही. पुढचं विमान चुकलं. नाताळची गर्दी, जागा मिळाली ती तिची सुट्टी संपल्यावरची. ती विमानतळावरच्या बाकावरून फोन करत होती आणि रडत होती, आणि मी इथून तिला समजावत होतो की काही नाही गं, पुढच्या वेळी. बायको फोनवर आलीच नाही. ती लाडूंचा डबा उघडून बसली होती, आणि त्यात बघत होती.

दोन दिवस असेच गेले. शुक्रवारी सकाळी मी कॅम्पवाल्याला फोन करून नाही सांगणार, तेवढ्यात ती तयार होऊन बाहेर आली. साडीवर माझा जुना स्वेटर.

"अहो, चला. बघू तरी कसली थंडी ती."

बहला, अल हमरा ही गावं मागे टाकून आम्ही चढायला लागलो. वर रस्ता कच्चा होता, गाडी खडखडत होती, रस्त्याकडेला बकऱ्यांच्या केसांच्या की-चेन विकणाऱ्या मुली हात करत होत्या. वर पोहोचलो तेव्हा ऊन होतं, पण गाडीतून उतरल्याबरोबर वाऱ्याने कानशिलात मारली. दरीच्या कठड्याशी जाऊन बायको उभी राहिली. खाली इतकं खोल की मी तिच्या स्वेटरचं टोक धरलं. ती म्हणाली, "एवढ्या लांब आलो, आणि ती नाही." मलाही लेक तिथे, त्या कठड्याशी, हवी होती.

ऊन उतरल्यावर आम्ही कामाला लागलो. खोलीच्या दाराबाहेर सॉकेट होतं. मी गाडी तोंड भिंतीकडे करून लावली, वसईकरांचा ठोकळा फळीवर ठेवला. लिंबू-मिरची सोडून बायकोने हातात घेतली. लेकीने फोटोंवर फोटो पाठवून सगळं आधीच समजावलं होतं. चपटा प्लग ठोकळ्यात बसला आणि ठोकळ्याचा प्लग भिंतीत. बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवा नाही, काही नाही. कॅम्पचा मॅनेजर लगबगीने आला.

"भाईसाब, ये गाडी बिजली पे चलती है?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोने त्याला सांगितलं, "हीटर है. ठंड में रोज लगाना पडता है. कॅनडा में सब लगाते हैं." असं म्हणाली की जणू तिने तिथे चार हिवाळे काढले होते. मॅनेजर मान हलवत गेला. ती मग बॉनेटशी वाकली आणि बोट ओठांवर ठेवून मला जवळ बोलावलं. आतून बारीक आवाज येत होता, चहाचं आधण उकळी यायच्या आधी गुणगुणतं तसा. आम्ही दोघं थंडीत कुडकुडत गाडीच्या पोटाला कान लावून उभे होतो. कोणी बघितलं असतं तर आम्हाला खाली पाठवून दिलं असतं.

सकाळी जाग आली तेव्हा ती खोलीत नव्हती. मी शाल घेऊन बाहेर आलो. ऊन नुकतंच पोहोचत होतं. गाडी पांढरी झाली होती. काच, टप, दारं, सगळ्यावर बारीक दव गोठलेलं. फक्त बॉनेटच्या मधोमध एक ओला, राखाडी तुकडा होता, परातीएवढा. तिथे बायको दोन्ही तळवे टेकवून उभी होती, लहानपणी लेकीचा ताप बघायची तशी.

"गरम नाही हो," ती म्हणाली. "कोमट आहे. एवढ्यावर निभतं?"

"निभतं म्हणायचं. गाडी सुरू करू?"

"थांबा. आधी तिला लावा फोन."

तिकडे संध्याकाळ होती. लेकीने लगेच उचलला. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि शेजारी कान लावून उभा राहिलो. वादळापासून दोघी बोलल्या नव्हत्या.

"बाय, आम्ही डोंगरावर आहोत. गाडी लावलेली, तू सांगितलंस तशी."

"सीरियसली, आई? तुम्ही गेलात?"

"हात बधिर झालेत गो. तिकडे याच्यापेक्षा जास्त असते?"

"थोडी जास्त," ती म्हणाली.

"तुझी गाडी लावलीस का?"

"हो, आत्ता. घरी आले, लावली, वर आले."

"रोज तूच लावतेस? कोणी नसतं?"

"रोज मीच, आई. सवय झाली."

बायकोने फोन कानाला तसाच धरला आणि दुसरा हात पुन्हा त्या कोमट जागेवर ठेवला. मला वाटलं, आता ती विचारणार, जेवलीस का. तिने विचारलं नाही.

"मग राहा तिकडे," ती म्हणाली. "भर तो अर्ज. मला वाटायचं, तुला जमत नसेल आणि तू सांगत नसशील. जमतंय तुला. राहा."

लेकीचा आवाज आला, बारीक. "आई, नक्की?"

"एकदा सांगितलं ना." बायकोचा आवाज आता हलायला लागला होता, म्हणून ती ओरडूनच बोलत होती. "पण गाडीला लिंबू-मिरची बांधत जा. तिकडे मिळतात ना मिरच्या?"

"बांधते, आई."

"आत्ता म्हणशील बांधते आणि—"

"नाही, म्हणजे बांधते. तू दसऱ्याचा फोटो पाठवलेला ना, तेव्हापासून. त्या वायरलाच. इथे काय होतं ना, लिंबू दगड होतं. पूर्ण. ड्राइव्ह करताना टकटक वाजतं."

हसून हसून आमची चेष्टा केली होती तिने त्या दिवशी. आणि दुसऱ्याच आठवड्यापासून, आम्हाला एका शब्दाने न सांगता, त्या बर्फात उभी राहून ती दोऱ्यात मिरच्या ओवत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आज शनिवार," ती फोनमध्ये म्हणाली. "बदललंस का?"

"आई, इथे अजून शुक्रवार आहे."

"हो का," बायको म्हणाली. "मग उद्या बदल."

फोन ठेवल्यावर मी प्लग काढला. तिने ब्रशचं पातं घेऊन सगळी काच खरवडली, कुठेही घाई न करता. मग पिशवीतून ताजं लिंबू काढलं, वायरीला बांधलं आणि नेहमीसारखी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आम्ही डोंगर उतरायला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि तिकडे शुक्रवार अजून संपायचा होता.